चेहरा हलला नाही

शर्टाचं बटण. पांढरं, चार भोकांचं.

वाळून खडा झालेला वाटाणा.

एकोणीस वर्षांची मुलगी दाराला कडी लावून आरशासमोर बसते, मांडीला चिमटा काढते आणि स्वतःचा चेहरा बघते. पुन्हा काढते. जोरात.

कानातल्या यंत्राची चपटी बॅटरी.

रकाना चौथा: खेळाडू धावण्यास तंदुरुस्त आहे / नाही. नको ते खोडा.

नातवाच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक.

“हो.” “हो.” “हो.”

*

बटण, वाटाणा, बॅटरी आणि चाक पायवालीच्या टेबलावर काचेच्या बरणीत आहेत. सगळं लोकांच्या बुटांतून निघालेलं. पायवाली म्हणजे पायांची डॉक्टर. मैदानाला लागून तिच्या दवाखान्याच्या दोन खोल्या. तिथला नियम असा की खुर्चीवर बसणाऱ्याने आधी बूट काढायचे, मग ती ते पांढऱ्या ट्रेवर उलटे करून झटकणार, आणि मगच पायाला हात लावणार. चाकाचे मालक तीन दिवस त्या चाकावर चालत होते. साखरेच्या आजाराने तळपाय बधिर झालेले, त्यांना पत्ताच नव्हता. “मला वाटलं मोजा गोळा झालाय,” म्हणाले. वाटलंसुद्धा नव्हतं त्यांना. झटकल्यावर वाटलं.

पायवाली रागीट आहे असं सगळे म्हणतात. सगळे बरोबर म्हणतात.

सकाळी तिच्याकडे म्हातारी माणसं येतात, संध्याकाळी खेळाडू. सकाळचे सांगतात, काही दुखत नाही, कारण त्यांना खरंच कळत नसतं. संध्याकाळचे सांगतात, काही दुखत नाही, कारण त्यांना रविवारी पळायचं असतं. दिवसभर एकच वाक्य ऐकायचं, दोन वयांच्या तोंडून, आणि वर हसून विचारायचं, बरं, मग कशासाठी आलात? एवढं हसू कुठून आणायचं? तिने फार पूर्वीच ते आणणं सोडून दिलं.

*

शुक्रवारी चारच्या सुमाराला सर आले. गळ्यात शिटी, हातात फॉर्म, मागे भिंगरी.

सर म्हणजे पायवालीचे वडील. वय चौऱ्याहत्तर, अठरा वर्षांचा मधुमेह, आणि अडतीस वर्षं त्या मैदानावर धावपटू घडवण्याचं काम. लहानपणी ती त्यांना घरी बाबा म्हणायची आणि मैदानावर सर. एकोणिसाव्या वर्षापासून तिने दोन्हीकडे सरच म्हणायला सुरुवात केली. त्यातला टोमणा त्यांना अजून कळलेला नाही. त्यांना तो मान वाटतो.

भिंगरी ही तिची भाची, भावाची मुलगी. आजोबांच्या हाताखाली पंधराशे मीटर पळते. पाय जमिनीवर ठरत नाही म्हणून घरात भिंगरी हेच नाव पडलं. आज मात्र भिंगरीचा पाय ठरत होता. जिन्याच्या तीन पायऱ्या चढताना तिने कठड्याला हात लावला, आणि पायवालीने तो पाहिला.

“सही दे एक,” सर म्हणाले. “परवा निवड आहे. समितीला तुझीच सही हवी, काय करणार.”

“पाय बघते आधी.”

“मी बघितलाय. सकाळीच. चेहरा हलला नाही.”

झालं. ते वाक्य आलं. पायवालीच्या कानशिलात ठण्णकन लागलं.

*

सरांची ही परीक्षा अख्ख्या मैदानाला पाठ आहे. शर्यतीच्या आधी खेळाडूला बाकावर बसवायचं, त्याचा दुखरा पाय आपल्या मांडीवर घ्यायचा, दुखतं म्हणतो तिथे अंगठा रोवायचा, आणि पायाकडे न बघता चेहऱ्याकडे बघायचं. चेहरा हलला तर घरी. नाही हलला तर पळ. अडतीस वर्षांत मैदानावरचे पाय किती सुधारले देव जाणे. चेहरे मात्र एकेक दगडात कोरल्यासारखे तयार झाले.

त्याच बाकावर, त्याच अंगठ्याखाली, एकोणीस वर्षांची पायवालीही बसली होती. चेहरा हलला नाही. दुसऱ्या दिवशी निवडीच्या शर्यतीत तिसऱ्या फेरीला तिच्या उजव्या पायातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. दोन स्क्रू घातले. जिना उतरताना तो पाय आजही बाकीच्या अंगापेक्षा जरा उशिरा पोचतो. सरांच्या अंगठ्याने माझा पाय खाल्ला, असं ती अठ्ठावीस वर्षं म्हणत आलीय. भावाला, आईला, एकदा एका लग्नात भर पंगतीत. कोणी वाद घातला नाही. घालणार काय, स्क्रू एक्सरेमध्ये दिसतात.

*

“बस,” ती भिंगरीला म्हणाली.

भिंगरी खुर्चीकडे निघाली. पायवालीचं लक्ष सरांकडे गेलं. ते उभे होते नेहमीसारखेच, पाठ ताठ, पण डाव्या कॅनव्हासच्या बुटाच्या कडेला, करंगळीच्या खाली, कापडावर एक पिवळसर डाग होता. चहाचा असेल. चहा बुटाच्या आतून बाहेर येत नाही.

“थांब. आधी सर बसतील.”

“मला काय धाड भरलीय?”

“नियम आहे. आत आलेला प्रत्येक पाय.”

“माझे पाय मी ओळखतो. तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखतो.”

“मग सही नाही.”

“ही दमदाटी आहे!”

“आहे.”

भिंगरीने खाली बघून हसू दाबलं. सर खुर्चीवर असे बसले की जणू खुर्चीवरच उपकार करतायत. पायवालीने खाली बसून आधी उजवा बूट काढला, झटकला. काही नाही. मोजा काढला. तळपाय कोरडा, टाचेला भेगा, पण शाबूत.

“झालं समाधान?”

“डोळे मिटा.”

तिने नायलॉनचा दोरा घेतला. मिशीच्या केसाएवढा जाड, एका दांडीला बसवलेला. तळपायावर टेकवून जरासा वाकेपर्यंत दाबायचा, आणि माणसाला कळलं की त्याने ‘हो’ म्हणायचं. एवढीच तपासणी.

अंगठ्याखाली टेकवला.

“हो,” सर म्हणाले.

टाचेवर.

“हो.”

मधल्या बोटाखाली.

“हो. आहे ना शाबूत? हो.”

पायवालीने दोरा उचलला आणि मांडीवर ठेवला. दोन्ही हात मांडीवर ठेवले. भिंगरी बघत होती.

“हो,” सर म्हणाले. डोळे घट्ट मिटलेले, मान ताठ. थोडा वेळ गेला. “हो.” पुन्हा तेवढाच वेळ. “हो.” फेऱ्या मोजताना म्हणायचे तसे, घड्याळ लावल्यासारखे. खोलीत कोणीही त्यांच्या पायाला हात लावलेला नव्हता आणि ते हो, हो, हो म्हणत होते.

भिंगरीचं दाबलेलं हसू कुठच्या कुठे गेलं.

*

डावा बूट पायवालीने जरा जोरातच ओढला. ट्रेवर उलटा केला. झटकला.

खण्.

धावण्याच्या बुटांच्या तळाला पिळून बसवतात तो खिळा. करंगळीच्या नखाएवढा, टोकदार, लोखंडी. मैदानावर कोणाच्या तरी बुटातून गळलेला, घोट्याजवळून आत शिरलेला. टोकाला काहीतरी वाळून काळं झालेलं.

“हे काय?” सरांनी डोळे उघडले.

“तुम्हीच सांगा. तुमच्या बुटातला आहे.”

“आत्ता घुसला असेल. येताना.”

“येताना?”

मोजा निघेना. पायाला चिकटला होता. तिने सलाइनचं पाणी सोडून सोडून तो भिजवला, हळूहळू सोलला, आणि खोलीत वास पसरला. करंगळीच्या मुळाशी तळव्याला रुपयाएवढं भोक होतं, कडा पांढऱ्या आणि फुगलेल्या. दहा-बारा दिवसांचं तरी.

राग तिला नवा नाही, पण हा जरा वेगळाच निघाला. दहा-बारा दिवस! बारा दिवस हा माणूस मैदानाभोवती चकरा मारत होता, पोरांवर ओरडत होता, अरे रडक्यांनो, पाय म्हणजे काय फुलदाणी आहे का, आणि स्वतःच्या बुटात खिळा घेऊन तळपाय कोरून घेत होता. घरात सून आहे, मुलगा आहे, आरसा आहे. रात्री एकदा, फक्त एकदा, पाय उलटा करून बघायचा. हजार वेळा सांगितलं. लिहून दिलं. फ्रिजवर चिकटवलं. त्यावर सरांनी दुधाचा हिशोब टाचून ठेवला.

तिने कपाटातून बोथट टोकाची सळई काढली.

“काय करतेस?”

“खोली बघते. किती आत गेलंय ते. दुखलं तर सांगा.”

“मी आणि सांगणार!” सर भिंगरीकडे वळून म्हणाले. “बघ. शिक. असं बसायचं.”

सळई आत गेली. आणखी गेली. शेवटी टोकाला टणक लागलं, दगडावर चमचा लागावा तसं. हाड. बाहेरून तिथवर वाट मोकळी झालेली.

“सुरू केलंस का?” सरांनी विचारलं.

भिंगरीने तोंडावर हात ठेवला.

पायवालीने मान वर केली. सळई तशीच आत होती, तिने हातही काढून घेतला, आणि ती सळई सरांच्या पायात आपली आपण उभी राहिली.

“चेहरा हलला नाही, सर,” ती म्हणाली. “तुम्ही फिट आहात. जा, पळा.”

सरांनी खाली पाहिलं. आपल्याच पायाकडे, कोणा परक्याच्या पायाकडे बघावं तसं.

“कधी गेली ती आत?” त्यांनी विचारलं. आवाज सरांचा नव्हता, बाबांचा होता. पण पायवाली आता तिथे थांबणार नव्हती.

*

तिने सळई काढली, जखम धुतली, पट्टी बांधली. मग भिंगरीसमोर दुसरं स्टूल ओढलं.

“पाय दे.”

भिंगरीने डावा पाय पुढे केला. “हाच आहे थोडा. वरच्या बाजूला. थोडासाच.”

“दुसरा.”

“आत्या, दुखतोय तो हाच.”

“आजोबांना सकाळी दिलास तो हा. मला दुसरा दे.”

भिंगरीने वाकून उजव्या बुटाची नाडी सोडली. झटकल्यावर काही पडलं नाही. पायवालीने पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या किंचित पुढे, होडीच्या आकाराचं हाड असतं तिथे अंगठा ठेवला आणि दाबला. पायाकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं.

चेहरा हलला नाही. पापणीसुद्धा नाही. आरशासमोर किती संध्याकाळी घालवल्या असतील पोरीने, त्या सगळ्या त्या चेहऱ्यात होत्या.

पायवालीने अंगठा तसाच ठेवला.

“दुखतं,” भिंगरी म्हणाली. चेहरा अजूनही दगड. फक्त ओठ हलले. “खूप दुखतं. महिना झाला. एका पायावर उडी मारता येत नाही.”

“महिना!” सर खुर्चीतून ओरडले. “आणि मला डावा पाय दाखवत होतीस? मला? माझ्या मांडीवर खोटा पाय?”

“तुम्ही चेहराच बघत होतात, सर.”

हे भिंगरी म्हणाली. आजोबा नाही म्हणाली.

पायवालीने फॉर्म ओढला. हाडाला बारीक तडा असणार, उद्या सकाळी स्कॅन, तोवर पाय जमिनीला टेकवायचा नाही, तडा निघाला तर किमान सहा आठवडे तसंच. रकाना चौथा. तिने ‘आहे’ हा शब्द खोडला. एकदा खोडून तिचं भागलं नाही. इतका खोडला की कागद फाटला.

“वर्ष गेलं पोरीचं,” सर म्हणाले. “तुझं राहिलं म्हणून तिचंही घालवलंस. सूड उगवतेस तू. अठ्ठावीस वर्षं टपून बसली होतीस.”

“हो,” पायवाली म्हणाली. “बसले होते. आणि तुम्ही आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जाताय. करंगळी राहिली तर नशीब समजा.”

“मी चालत जाईन.”

“उठून दाखवा! एक पाऊल टाका, मी ही बरणी डोक्यात घालीन!”

बाहेर बाकावर थांबलेल्या पेशंटांची कुजबुज बंद झाली. सर उठले नाहीत. गळ्यातली शिटी त्यांनी काढली, कुठे ठेवावी कळेना, शेवटी मांडीवर ठेवली. दवाखान्यात चाकाची खुर्ची एकच होती. ती सरांना दिली. कुबड्या भिंगरीला. दोघं दारापर्यंत गेले तेव्हा दोघांपैकी कोणाचाही दुखरा पाय जमिनीवर नव्हता, आणि त्या मैदानाच्या इतिहासात असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

पायवाली ॲम्ब्युलन्सला फोन लावत होती. भिंगरी कुबडी टेकवत मागे वळली.

“आत्या, तुला कसं कळलं? दुसरा पाय आहे म्हणून?”

“फोन लागतोय,” पायवाली म्हणाली. “जा तू. पाय टेकवू नकोस.”

मग तिने ट्रेवरचा खिळा चिमट्याने उचलला, धुतला आणि बरणीत टाकला.

एकोणिसाव्या वर्षी, निवडीच्या आदल्या संध्याकाळी, बाकावर बसलेल्या पायवालीने सरांच्या मांडीवर दुखऱ्या उजव्याऐवजी डावा पाय ठेवला होता.