कोटातली बॅटरी

"हा घे तुझा पट्टा," बातमा एजे म्हणाल्या. "घोडी बर्फ वितळल्यावर सापडली. लांडग्यांनी ठेवली होती तेवढी."

नारिन या आमच्या डोंगराळ गावच्या बाजारातलं आमचं रेडिओदुरुस्तीचं दुकान, दोन माणसं शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. सगळा बाजार माझ्या नवऱ्याला उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणायचा, म्हणून मीही म्हणायची. तसं थोरल्या बाईला सगळेच एजे म्हणतात. मी नुकतीच चहा आणि नान घेऊन आले होते. उस्तांनी पट्ट्यावरची डबी उघडली. आतली चपटी लिथियम बॅटरी टम्म फुगली होती.

ती करडी घोडी एजेंच्या गेलेल्या नवऱ्याची. कळपाची पुढारीण, ती जाईल तिकडे बाकीचे घोडे. हिवाळाभर डोंगरात बर्फ उकरून चरायची आणि गळ्यातल्या पट्ट्यामुळे तिचा ठावठिकाणा एजेंना घरबसल्या कळायचा. ऐन गारठ्यात तो कळेनासा झाला होता.

"माल हलका, दुसरं काय," शेजारचा घड्याळवाला दारातून म्हणाला.

उस्ता समोरच्या नानाकडे बघत राहिले. आमच्याकडे भाकरीसमोर खोटं बोलत नाहीत. शिवाय त्यांना खोटं बोलताच यायचं नाही, चाळीस वर्षांच्या संसारात मी तेवढं पाहिलं होतं.

"माल चांगला होता, एजे. चूक माझी. पट्ट्यावर मी उन्हावर चालणारा चार्जर बसवला, फुकट चार्ज होईल म्हणून. ही बॅटरी थंडीत चालते, कमी चालते पण चालते. गोठलेली असताना चार्ज केली तर मात्र आतून मरते."

एजेंनी पट्टा स्वतःकडे ओढला.

"गारठलेल्या कोकराला दूध पाजू नये," त्या म्हणाल्या. "आधी कोटात घालून ऊब द्यायची, मग दूध. माझी नातसुद्धा सांगेल तुला. एवढा शिकलेला तू, जेकशेन, एका धनगरणीला विचारायचं होतंस."

"विचारायला हवं होतं."

एजेंनी नानाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. "तिची शिंगी आहे, तिचीच लेक. त्या घोडीचं तेवढंच उरलंय. तिला पट्टा हवा. पण या वेळी नीट कर."

उस्ता आठवडाभर त्याच कामात होते. चपटी हलकी खरी, पण घोडं लोळलं की चेपणार. म्हणून पत्र्याच्या कवचाची गोल बॅटरी घेतली, एक नाही, दोन. उन्हावरचा चार्जर काढून टाकला आणि घरात लावायचा, मुद्दाम हळू चालणारा निवडला. घड्याळवाल्यानं टोमणा मारला, "उस्ता, एवढ्या वेळात घोडी म्हातारी होईल." ते हसलेसुद्धा नाहीत.

"एक पट्ट्यात, एक तुमच्या कोटात," त्यांनी एजेंना समजावलं. "बदलून आणलेली घरात तासभर निवू द्यायची... म्हणजे गरम होऊ द्यायची. मग चार्जर. आणि एजे, चुलीवर ठेवायची नाही हं."

हे सांगावंच लागे. पूर्वी रेडिओचे सेल संपले की आम्ही सगळेच ते चुलीच्या कडेला शेकायचो आणि आणखी दोन संध्याकाळी गाणी ऐकायचो. काय दिवस होते ते. दुकानात तारा डाग देण्याच्या राळेचा वास असायचा, दारात माणसं उभी राहून बातम्या ऐकायची आणि उस्ता मान वर न करता म्हणायचे, "उजेड सोडा."

उस्तांना जाऊन आता तीन वर्षं झाली. दुकानात चपलावाला बसतो.

परवा बातमा एजे घरी आल्या. गुडघे गेलेत, तरी घोड्यावरून आल्या, त्याच शिंगीवरून. ती आता भरदार घोडी झालीय, कळपाची पुढारीण.

"पट्टा चालतोय?" मी विचारलं.

एजेंनी कोटाची बटणं काढली, आत हात घातला आणि ती गोल बॅटरी माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यावर उस्तांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'आधी ऊब'. अक्षरं पुसट झाली होती.

बॅटरी गरम होती. मी ती जरा वेळ तशीच धरून ठेवली. एजेंनी मागितली नाही.