फाटकापाशी ठेवलेल्या काठ्या

डोंगरावरच्या पार्कच्या फाटकापाशी काठ्यांनी भरलेलं एक जुनं पिंप आहे. चढताना हवी ती काठी उचलायची, उतरल्यावर तिथेच ठेवायची, एवढाच रिवाज. कोणी काठी घरी नेताना दिसला की लायल गाडीपर्यंत जाऊन त्याला सुनावायचा. स्वतः मात्र त्यानं काठीला कधी हात लावला नव्हता. "ज्या दिवशी मी काठी घेईन," तो बायकोला, नेटीला, म्हणायचा, "त्या दिवशी माझा डोंगर संपला समज."

यंदा गुडघ्यानं दगा दिला. वसंतात चिखलवाटेतून तो अर्ध्यावरून परतला. उन्हाळ्यात पायथ्याच्या तळ्यात पोहायचं सोडून काठावर सँडविच खात बसला. आणि मेपलची पानं लाल झाली तेव्हा म्हणाला, "तू जाऊन ये. मी बसतो गाडीत."

लग्नापासून दर ऋतूत दोघं हा डोंगर चढत आले होते. एकटीनं जाऊन नेटीला काय करायचं होतं? पानं काय, घरासमोरही लाल होतात.

"आताशा मलाच आधार लागतोय," ती म्हणाली आणि पिंपातून दोन काठ्या उचलल्या. बाई चांगली धडधाकट, पण चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

"दोन कशाला? चार पाय फुटलेत का तुला?"

"एक चढायला, एक उतरायला. ही उतरायची जरा धर, मला ओझं होतं."

"लबाड आहेस," लायल म्हणाला, पण गाडीतून उतरला.

पहिल्या वळणापर्यंत काठी त्याच्या काखेत होती. पुढच्या चढावर ती जमिनीला टेकली. नेटीनं मागे वळून पाहिलंच नाही, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलत राहिली. माथ्यावर बसून दोघांनी थर्मासमधली कॉफी प्यायली.

"बरं दिसतं इथून," लायल म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

खाली आल्यावर नेटीनं आपली काठी पिंपात टाकली. लायल मात्र थेट गाडीकडे गेला, डिकी उघडली आणि काठी आत ठेवली.

"अरे चोरा, परत ठेवायची असते ती. जन्मभर लोकांना तेच ऐकवत आलास."

"ठेवणारच आहे," डिकी लावत तो म्हणाला. "बर्फ पडल्यावर येऊ ना, तेव्हा. तोवर दुसऱ्या कोणी उचलली म्हणजे?"

नेटीला एक झकास टोमणा सुचला होता. पण तो तिनं बर्फ पडेपर्यंत राखून ठेवला.