चिमूटभर राहून गेलेलं

मिठागरवाल्यांच्या घरात सून म्हणून आले आणि चातुर्मासात मीठ सोडलं, याबद्दल माझ्या सासूबाईंनी मला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

"सगल्या गावानं आमचा मीठ खाल्ला, न आमची सून अलनी जेवते," असं जिजाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. सांगताना पदराआड हसतात, म्हणून मीही हसते. माझा नेम साधाच आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत संध्याकाळचं जेवण अळणी. पाच वर्षांचा संकल्प, मग उद्यापन, आणि जे सोडलं तेच दान द्यायचं. आमचं मिठागर बंद पडलं, त्या शेवटच्या वर्षीचं मीठ त्यासाठी एका बरणीत राखून ठेवलंय. चेष्टा करणाऱ्या सासूबाईंनीच ते ठेवलंय.

यंदाचं वर्ष पाचवं. पण मला सांगायचंय ते माझ्या नणंदेबद्दल.

कृतिका भौतिकशास्त्रज्ञ आहे. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या गावातून तेवढं शिकलेलं त्या पिढीत दुसरं कुणी नाही. लहानपणी ती वडिलांबरोबर मिठागराच्या बांधावर बसायची आणि विचारायची, मिठाचे खडे चौकोनीच का? माझे सासरे काळूराम म्हणायचे, "ते मना म्हायत न्हाय. तू शिक न मना सांग." ती शिकली. गावातली मराठी शाळा, मुंबईचं कॉलेज, बंगळूरला पीएच.डी., चार वर्षं जर्मनी. परत आली ती मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत. लग्न केलं नाही. मिरा रोडला पूनम सागरमध्ये तिचा फ्लॅट आहे, पण आठवड्यातून दोन-तीनदा ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसते. जमिनीवर, भिंतीला टेकून, मांडीवर कागद. म्हणते, "इथे मला कुणी काही विचारत नाही."

तिच्या संस्थेत मशिनं असतील असं मला आधी वाटायचं. तसं काही नाही. कागद आणि पेन्सिल. कधी संगणक. असंख्य अणू एका जागी दाटले की एकटे असताना करत नाहीत असं काय करतात, हे ती नुसत्या गणिताने शोधते. एकदा मी धीर करून विचारलं, "नेमकं काय गं?"

"अणू म्हणजे छोटे चुंबक समज," ती म्हणाली. "तिघी शेजारणी आहेत. प्रत्येकीला दुसरीच्या विरुद्ध तोंड करून बसायचंय. दिशा मात्र दोनच. कशा बसतील?"

"नाहीच बसणार. दोघींची तोंडं एकीकडे होणार."

"आणि मग?"

"मग कुरकुर. सारख्या जागा बदलणार."

"झालं! हेच माझं काम. कितीही थंडी वाढली तरी त्या कधीच शांत बसत नाहीत, असा एक पदार्थ असू शकतो. मी ते गणितात दाखवलं."

ते तिने अकरा वर्षांपूर्वी दाखवलं होतं. त्यावर परदेशात पेपर निघाले, दोन प्रयोगशाळा तो पदार्थ शोधायला लागल्या. मला त्यातलं कळत नाही. मला कळतं ते तिचं बसणं. चाळीस पानं भरायची, एकोणचाळीस फाडायची, चाळिसावं घेऊन परत पहिल्यापासून. वैताग नाही, आवाज नाही. मी जपाला बसले की माझं मन दहादा दूधवाल्याकडे जातं. तिचं जात नाही. देवासमोर बसावं कसं, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

यंदा दिवाळीनंतर गावच्या मंडळाने तिचा सत्कार ठरवला. सेक्रेटरी राघो घरी पत्रिका देऊन गेला. त्या दिवसापासून सासरे ओसरीवर बसून दिसेल त्याला ती दाखवत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. वाचता येत नाही, पण कृतिकाचं नाव कुठल्या ओळीत आहे ते पाठ. बरोबर तिथे बोट ठेवायचे.

सत्कार रविवारी. गुरुवारी संध्याकाळी कृतिका आली आणि कागद न काढता बसून राहिली. मी माझ्यापुरती अळणी आमटी काढत होते.

"वहिनी, तुझा नेम कधी मोडला का गं?"

माझ्या हातातली पळी थांबली. "का विचारतेस?"

"संचिता माहितीये ना, माझी विद्यार्थिनी? दोन महिने एकच गणित घेऊन येतेय. तिच्या गणितात ते चुंबक शांत होतात. मी म्हणायचे, तुझं चुकतंय, परत कर. चार वेळा केलं बिचारीनं. चौथ्यांदा रडायला लागली. मग मी माझं जुनं काढून बघितलं. समीकरणातलं एक पद मी सोडून दिलं होतं. इतकं लहान, की नगण्य आहे असं लिहून सोडलं. एका अणूपुरतं ते नगण्यच आहे. पण असंख्य अणू एकत्र आले की साठत जातं. ते घेतलं की सगळं शांत होतं, गोठतं. अकरा वर्षं लोक ज्यासाठी माझं नाव घेतात ना, ते नाहीच आहे."

"कुणाला कळलंय?"

"संचिताला वाटतंय तिचंच चुकतंय. बाकी कुणाला नाही. मला आठ दिवस झाले."

ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज आला, "ही बग, हितं. हा माज्या पोरीचा नाव."

कृतिका खाली बघत म्हणाली, "बाबांना काय सांगू? रविवार होऊन जाऊ दे. नंतर कधीतरी कळवेन. किंवा संचिताला दुसरा विषय देईन. तसंही चालतं." आपलंच बोलणं ऐकून तिने तोंड वाकडं केलं.

मी सल्ला देणारी बाई नाही. तिने विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर दिलं.

"मोडला होता. दुसऱ्या वर्षी, गौरीजेवणाच्या संध्याकाळी. घर भरलेलं. सवयीने आमटीचा थेंब हातावर घेऊन चाखला. तो चुकून. पण इतकी छान लागली की दुसरा घेतला. तो चुकून नव्हता."

"मग?"

"मग काही नाही. कुणी बघितलं नाही. गौरी हसतच होती. पण त्या वर्षी कार्तिकीला नैवेद्य दाखवताना मी देवाकडे बघितलं नाही. अजूनही ते वर्ष मोजायचं म्हटलं की माझा आकडा अडतो."

माझ्या ताटातली आमटी चमचाभर घेऊन तिने चाखली.

"शी! किती बेचव आहे गं!"

"चिमूटभराचाच फरक असतो," मी म्हणाले. दोघी जरा हसलो. जाताना तिने वडिलांना नमस्कार केला. रोज करत नाही.

रविवारी हॉल भरला होता. स्टेजच्या मागे मोठा फ्लेक्स, त्यावर सूक्ष्मदर्शकात बघणारी कृतिका. सूक्ष्मदर्शकाला तिने कॉलेजनंतर हात लावलेला नाही. राघो माइकवर म्हणाला, "आपल्या गावची लेक नोबेलच्या उंबरठ्यावर उभी हाय!" टाळ्या. शाल, श्रीफळ. मी हातातल्या माळेचे मणी नुसते धरून बसले होते. माझे यजमान भूपेश व्हिडिओ काढत होते.

कृतिका उभी राहिली. आवाज नेहमीसारखा.

"ज्या कामासाठी तुम्ही ही शाल दिलीत, त्यात चूक आहे. माझी चूक. आज सकाळीच मी तो पेपर छापणाऱ्यांना तसं कळवलं. ती चूक संचिताने पकडली. दोन महिने मी तिलाच चुकीचं ठरवत होते. संचिता, ये इथे. ही शाल तुझी."

तिसऱ्या रांगेतून एक बारीकशी मुलगी उठली आणि तिथेच उभी राहिली. राघोने माइकवर हात ठेवला, पण नीट नाही. सगळ्यांना ऐकू गेलं, "अगो ताई, जेवनानंतर सांगाचा व्हता ना!"

कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेत सासरे काठी टेकून उठले. कृतिकाचा चेहरा उतरला. इतके दिवस ती याच क्षणाला भीत होती.

"पोरी, मीठ वितलला का?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. सगळं."

"फागनात अवकाली पानी आल्ता, आठवतं? तू चौथीला व्हतीस. किती पीक गेला?"

"सगळंच गेलं होतं."

"मंग आपुन काय केला?"

"ते पाणी सोडून दिलं... खाडीचं परत भरलं."

"मंग तेच कर. रडाचा कनाला?" मग ते स्टेजकडे वळले. "राघो, आजून एक शाल आन. पोरी दोन हायेत."

आधी बायकांच्या बाजूने टाळ्या आल्या, मग सगळा हॉल. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भूपेशांच्या व्हिडिओत शेवटी फक्त छत आलंय.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने कळवलं की तीन वर्षं ते त्या पदार्थाच्या मागे होते. पत्रात एकही कडू शब्द नव्हता. ते वाचून ती त्या दिवशी जेवली नाही. जर्मनीतल्या तिच्या जुन्या सरांनी चारच ओळी लिहिल्या, आणि संचिताचं गणित मागवून घेतलं. आता त्यावर दोघींचं नाव येईल, संचिताचं पहिलं.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या सकाळी कृतिका स्वयंपाकघरात बसून कोऱ्या कागदावर लिहीत होती. जिजाबाईंनी फळीवरून बरणी उतरवली, पदराने पुसली.

"घे गो. जाली ना पाच वरसं? उद्यापनाचा बग आता."

"आई, चार झाली."

"चार? मना गनता येत न्हाय व्हय?"

"एक वर्ष मोडलं होतं. मी बोलले नव्हते."

कृतिकाची पेन्सिल थांबली. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर खाली घातली नाही. मग त्यांनी झाकण घट्ट केलं आणि बरणी परत वर ठेवली.

"ऱ्हाऊ दे मंग फुरच्या वर्षाला. मीठ काय नासत न्हाय."