पाण्याखालचा कोळसा

मित्रांनो, मी एक जुनी कुपी आहे, तुमच्या करंगळीच्या पेराएवढी. एमालाहलेनी या कोळसाखाणींच्या गावातल्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं. माझ्या पोटात कोळशाची पूड ठासायची, मला भल्यामोठ्या चुंबकात तिरकं बसवायचं आणि हवेच्या झोताने फिरवायचं. सेकंदाला दहा हजार गिरक्या! मग कोळशातला कार्बन कोणाचा हात धरून बसलाय, ते पडद्यावरच्या आलेखातल्या उंचवट्यांवरून कळायचं. मी कधी डगमगले नाही. माझं केवढं कौतुक व्हायचं!

मला भरायची झोड्वा मासिलेला नावाची मुलगी. तिचे वडील खाणीतल्या आगीत गेले. त्यांनीच खाली सिगारेट पेटवली, असं खाणवाल्यांनी लिहून टाकलं. त्यांचे सोबती बाबा स्कोसाना मात्र सांगत, की तिथला कोळसा आधीपासूनच आतल्या आत तापत होता. वास आला म्हणून आगीच्या आदल्याच दिवशी बाबा स्कोसानांनी एक ढेकूळ साहेबाला नेऊन दाखवलं होतं. साहेबाने ढुंकूनही पाहिलं नाही. बाबांनी ते डब्यात, पाण्याखाली बुडवून ठेवलं. तापलेला कोळसा हवेतला ऑक्सिजन धरतो. ते माझ्या पोटात दिसलं असतं, तर झोड्वाच्या वडिलांवरचा डाग पुसला गेला असता.

"एवढ्याशा नळीत अख्खी खाण कोंबणार होय गं?" डबा देताना बाबांनी चिडवलं. झोड्वा पुष्कळ दिवसांनी हसली.

ओली पूड घेऊन मला नीट फिरता येत नाही. हवा काढून घेणाऱ्या भट्टीत दुसऱ्या कोणाचा नमुना होता. झोड्वाला दम निघेना. तिने सगळं ढेकूळ कुटलं आणि साध्या भट्टीत वाळवलं.

मी फिरले. ऑक्सिजन धरलेल्या कार्बनचा उंचवटा चांगला वर आला. झोड्वाने लगेच आईला फोन लावला. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर पीटरसे पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वाळवलीस कशात?"

मित्रांनो, एक खोटा शब्द पुरला असता. त्या भट्टीची नोंद कोणी ठेवत नव्हतं.

"साध्या भट्टीत," झोड्वा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचं तिलाच कळलं.

ऑक्सिजन खाणीत धरला की भट्टीत, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. डॉक्टरांनी तसंच लिहिलं. खाणवाल्यांच्या कागदावर सिगारेट तशीच राहिली. बाबा रिकामा डबा घेऊन गेले. 

पुढे मला तडा गेला. हल्ली मी खणात पडून असते. माझ्या जागी नवी कुपी आली, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, कोणी जिवापाड जपलेली वस्तू तुमच्या हाती दिली, तर आधी त्यालाच विचारा, ही कशी जपलीत? झोड्वाने विचारलं असतं, तर बाबा एवढंच म्हणाले असते, "पोरी, हवेला दाखवू नकोस."