पहिल्या विधेयकाची थट्टा

टॉर्विकच्या साप्ताहिकाला गावच्या आमदाराचा मजकूर बुधवारी संध्याकाळपर्यंत लागतो. अधिवेशनात काय चाललंय, कुठला प्रश्न कुठे अडलाय, हे त्यात सांगायचं असतं. त्या बुधवारी संपादक डेलोरेसने सकाळीच फोन केला.

"जोलीन, काय पाठवतेस?"

"घरपट्टी, शाळांचं अनुदान, आणि ते निचऱ्याच्या चरांचं भांडण."

"आणि आपली रुग्णवाहिका?"

"आज सभागृहात येतेय."

"मग बाकीचं राहू दे. घरपट्टी माझ्या लग्नाआधीपासून वाढतेय, पुढच्या आठवड्यातही वाढेल. मी पहिल्या पानावर जागा ठेवते."

जोलीन ओडेगार्ड टॉर्विकमध्ये औषधांचं दुकान चालवायची आणि गावच्या रुग्णवाहिकेवर बिनपगारी काम करायची. राज्याचा नियम असा, की गाडीत दोन प्रशिक्षित माणसं असल्याशिवाय गाडी हलवायची नाही. तीनशे वस्तीच्या गावात भर दुपारी दोन प्रशिक्षित माणसं सापडणार कुठून? दोन वर्षांपूर्वी, ऐन जानेवारीत, एका बाईला कळा सुरू झाल्या. जोलीन हजर होती, अग्निशमन दलाचा लायल गाडी चालवायला हजर होता, पण लायलकडे प्रमाणपत्र नव्हतं. शहरातल्या मोठ्या कंपनीची गाडी पोहोचेपर्यंत ती बाई अंगणातच, नवऱ्याच्या ट्रकच्या पुढच्या सीटवर बाळंत झाली. मायलेकी दोघी वाचल्या. जोलीन निवडणुकीला उभी राहिली आणि निवडून आली.

तिचं विधेयक एका ओळीचं होतं: आत एक प्रशिक्षित माणूस असेल, तर चालक कोणीही चालेल. ते वरच्या सभागृहातून पार होऊन आलं होतं. आज खालच्या सभागृहात पडलं, तर पुढचं अधिवेशन दोन वर्षांनी. टॉर्विकच्या गाडीचा परवाना जुलैत संपत होता, आणि जुन्या नियमाखाली तो पुन्हा मिळणार नव्हता.

विरोध होता रॉजर स्टेन्सगार्डचा. आरोग्य समितीचा अध्यक्ष, शहरातला आमदार, सूट नेहमी इस्त्रीचा. खेड्यातल्या गाड्या बंद पडल्या की तिथलं काम आपोआप त्या मोठ्या कंपनीकडे जाणार होतं, आणि ती कंपनी त्याच्या मतदारसंघात होती. तो मात्र बोलायचा रुग्णांच्या सुरक्षेबद्दलच.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये वेंडल हिर्श तिच्यासमोर बटाट्याच्या सूपचा वाडगा घेऊन बसला. तो सभागृहात तिच्या शेजारच्या बाकावर असे. आमदारकीची आठवी खेप, पक्ष वेगळा.

"आज तुझी थट्टा होणार, पोरी. चेहरा सरळ ठेव."

ही तिथली जुनी रीत. नव्या आमदाराचं पहिलं विधेयक आलं की सगळे मिळून त्याची टर उडवतात. वाटेल ते प्रश्न विचारतात, मग मतदानाला सगळे लाल बटण दाबतात. भिंतीवरचा फलक वरपासून खालपर्यंत लाल होतो, नव्याचा चेहरा पांढरा पडतो, सभागृह खदखदून हसतं आणि मतदान बंद होण्याआधी सगळे बटण बदलून फलक हिरवा करतात. त्यानंतर नव्याने सगळ्यांना आपल्या गावचं काहीतरी खायला द्यायचं. जोलीनच्या बाकाखाली भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्यांनी भरलेलं खोकं तयार होतं.

"आणि कोणी बदललंच नाही तर?" तिने विचारलं.

वेंडलने चमचा खाली ठेवला. "असं होत नाही. झालंच तर लक्षात ठेव, हरलेल्याला परत खेळ मागता येत नाही. फेरविचार मागायचा तो जिंकलेल्या बाजूच्या माणसाने, आणि तोही एकदाच. म्हणून जिंकणारा काय करतो? लगेच उठतो, स्वतःच फेरविचार मागतो आणि आपल्याच लोकांकडून तो पाडून घेतो. खिळा ठोकला, विषय कायमचा बंद. माझं पहिलं धरणाचं विधेयक असंच गेलं. मी हिरव्यावर बोट ठेवून बघत बसलो होतो."

दुपारी विधेयक पुकारलं. जोलीन उभी राहिली आणि तोंड उघडायच्या आतच प्रश्न सुरू झाले.

"सभापती महोदय, चालक वाटेत डोनटसाठी थांबला तर चालेल का?"

"रुग्णाला अर्धा द्यावा लागेल," जोलीन म्हणाली. हशा पिकला.

"गाय आजारी पडली तर गाडी येणार का?"

"गाय तुमच्या मतदारसंघातली असेल तर नाही. तिथल्या गाई मतदान करत नाहीत असं ऐकलंय."

मग स्टेन्सगार्ड उठला. लोक चकित झाले, कारण तो थट्टेत कधी भाग घेत नसे. "आमदार बाईंना विचारतो, बुधवारी टॉर्विकमधली सगळी माणसं बोलिंग खेळायला गेली, तर गाडी कोण चालवणार?"

सगळ्यांत मोठा हशा त्याला मिळाला. त्या गडबडीत कोणीतरी चर्चा बंद करायची सूचना मांडली आणि ती मंजूरही झाली. मूळ मुद्द्यावर एक शब्द झाला नव्हता. जोलीनच्या ते ध्यानात आलं, पण तोवर मतदान सुरू झालं होतं.

फलक लाल झाला, पूर्ण, फक्त तिच्या नावापुढे हिरवा दिवा. सभागृह हसलं. वेंडल तर डोळ्यांतलं पाणी पुसत होता. मग एकेक दिवा हिरवा होऊ लागला. जोलीन फलकाकडे न बघता माणसांकडे बघू लागली. सगळ्यांची बोटं बटणावर होती. स्टेन्सगार्डच्या रांगेत मात्र हात पोटावर बांधलेले. त्याच्या मागच्या रांगेतही तेच.

मंजुरीला एक्केचाळीस लागत होते. हिरवे छत्तीस झाले, अडतीस, चाळीस. तिथे थांबले. चाळिसात तिचं स्वतःचं एक होतं.

"सर्वांनी मत दिलं का?" सभापतींनी विचारलं.

वेंडल अजून चष्मा पुसत होता; त्याला सांगायला वेळ नव्हता. जोलीनने लाल बटण दाबलं.

"मतदान बंद. बाजूने एकोणचाळीस, विरोधात एक्केचाळीस. विधेयक नामंजूर."

हसू एकदम तुटलं. "अरे, माझं राहिलं बदलायचं!" कोणीतरी मागून ओरडलं. वेंडलने चष्मा लावला, फलकावर आपलं नाव लाल पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. स्टेन्सगार्डने शेजाऱ्याचा हात हातात घेतला, कोटाचं बटण लावलं आणि तो सावकाश उठू लागला.

"सभापती महोदय," जोलीन आधीच उभी होती, "फेरविचाराचा प्रस्ताव."

"हरकत आहे!" स्टेन्सगार्ड म्हणाला. "बाईंना नियम ठाऊक नाहीत. हे फक्त जिंकलेल्या बाजूला मागता येतं."

"मी जिंकलेल्याच बाजूची आहे. फलक बघा."

ऐंशी माना वळल्या. ओडेगार्ड: लाल.

सभापतींनी फलक पाहिला, मग स्टेन्सगार्डकडे पाहिलं. "प्रस्ताव नियमाला धरून आहे. आणि आमदार ओडेगार्ड, हा तुमच्या पहिल्या विधेयकाला तुमचाच विरोध म्हणायचा का?"

"तात्पुरता, महोदय."

फेरविचार आवाजी मतदानानेच मंजूर झाला. आता चर्चा पुन्हा खुली होती, आणि या वेळी कोणी हसत नव्हतं.

"आमदार स्टेन्सगार्ड यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं," जोलीन म्हणाली. "टॉर्विकची माणसं कामाला गेली तर गाडी कोण चालवणार? आजच्या नियमाने, कोणीच नाही. गाडी शेडमध्ये, टाकी भरलेली, मी आत बसलेली, लायल स्टिअरिंगवर, आणि आम्ही दोघं शहरातून दुसरी गाडी यायची वाट बघतोय. लायल पस्तीस वर्षं बर्फातून आगीचा बंब चालवतोय. त्याला नाडी बघता येत नाही. ती मी बघेन. त्याने फक्त रस्ता बघावा. सुरक्षेचा प्रश्न समितीत विचारला गेला होता, इथेही विचारा. मी उभी आहे."

ती उभी राहिली. स्टेन्सगार्डने कागद चाळले. त्याच्या मागच्या रांगेतल्या एकाने पोटावरचे हात सोडले. त्याच्याही मतदारसंघात दोन खेडी होती.

वेंडल उठला. "महोदय, मला एवढंच सांगायचंय, की या खेपेला मी चष्मा लावून बसलोय."

पुन्हा मतदान झालं. या वेळी कोणी लाल करून दाखवलं नाही. दिवे सरळ हिरवे येत गेले: एकाहत्तर. विरोधात नऊ. सभागृह उभं राहिलं. वेंडल बाकावर मूठ आपटत होता.

जोलीनने खोकं बाहेर ओढलं आणि ती रांगांतून पुड्या वाटत निघाली. स्टेन्सगार्डच्या बाकापाशी थांबून तिने त्याच्यापुढेही एक ठेवली.

त्याने फोडून दोन बिया तोंडात टाकल्या. "मीठ जास्त आहे."

"टॉर्विकमध्ये असंच खातात. कधी आलात आणि चक्कर आली, तर काळजी करू नका. गाडी निघेल."

तो नाइलाजाने हसला आणि आणखी एक पुडी मागून घेतली.

बाहेर येऊन तिने डेलोरेसला फोन लावला. मागे गावच्या कॅफेतला कालवा ऐकू येत होता. सगळे तिथल्या टीव्हीवर सभागृह बघत बसले होते.

"तू लाल दाबलंस तेव्हा लायलने कप आपटला," डेलोरेस ओरडून सांगत होती. "म्हणाला, आपल्याच पोरीने आपल्याला बुडवलं! मी म्हटलं, गप बस, ती काय करते ते बघू दे. आता तो काउंटरवर चढलाय. बरं, मजकूर कधी पाठवतेस?"

"तासाभरात."

"मथळा काय देऊ?"

"'गाडी निघणार.'"

"आणि घरपट्टी?"

"ती पुढच्या आठवड्यात," जोलीन म्हणाली, आणि खोक्यात उरलेली शेवटची पुडी फोडून पायऱ्यांवरच खात उभी राहिली.