ओट्याचा इजाजतनामा

सिद्रामप्पाने ओट्यावरच्या लाल रेघेवर पाय घासून पाहिला, पण रंग पक्का होता.

"चार फूट रस्त्यात जातंय," नगरपालिकेचा ओव्हरसियर टेप गुंडाळत म्हणाला. "शुक्रवारपर्यंत तुमचं तुमी पाडा. न्हाईतर आमची माणसं येतील."

"आमच्याकडं परवानगी हाय. निजामाच्या काळातली."

"मग मराठीत करून आणा. उर्दू कोण वाचतंय आता हापिसात?"

लातूर जिल्हा झाला तेव्हा गल्लीत पेढे वाटणाऱ्यांत सिद्रामप्पाच पुढे होता. जिल्ह्याला रुंद रस्ते लागतात आणि ते कुणाच्या तरी ओट्यावरून जातात, हे पेढा तोंडात असताना सुचत नाही. जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. ओट्यावर सिद्रामप्पाची शिलाईची मशीन होती. आत खोलीत भरदुपारी अंधार. ओटा गेला की धंदाच गेला.

त्याने पेटीतून बापाचा कागद काढला. बाप गेल्यापासून तो कुणी वाचला नव्हता. दर दसऱ्याला मशीनला विभूती लावायची आणि कागदालाही लावायची, एवढंच. हॉटेलवाल्याने चहाला हाक मारली तरी न थांबता तो उन्हातून व्यंकटराव मास्तरांकडे गेला. मास्तरांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालेलं.

मास्तरांनी आधी विभूती झटकली, मग चष्मा लावला.

"तुझ्या बापाला ओट्याची इजाजत दिली, हे खरं हाय."

सिद्रामप्पाचा जीव भांड्यात पडला.

"पण खाली शर्त हाय. आल्यागेल्यासाठी ओट्यावर बारमाही पिण्याचं पाणी ठेवायचं. पाणी बंद झालं, तर इजाजत रद्द."

सिद्रामप्पाला कळायला लागल्यापासून ओट्यावर दोन रांजण होते. तो बापाचा धर्म, असंच तो समजत आला होता. यंदाच्या दुष्काळात टँकर चौथ्या दिवशी यायला लागला, तेव्हा त्याने दोन्ही रांजण घरात घेतले. मागच्या आठवड्यात रोजगार हमीवरची एक बाई ओट्यापाशी उभी राहिली होती. त्याने मशीनवरून मान वर केली नव्हती.

"मग आता कसं करायचं, मास्तर?"

"कसं म्हणजे? वरचं तेवढं लिहून देतो. खालचं कोण विचारतंय?"

सिद्रामप्पाने टोपी काढली, पुन्हा घातली.

"लिहा," तो म्हणाला.

घरी दानम्मा दारात ज्वारी निवडत बसली होती. नवऱ्याला पाय धुवायलाही उसंत न देता तिने विचारलं,

"काय निघालं कागदात?"

"ओटा आपला हाय. सही हाय, शिक्का हाय." तिला वाचता येत नव्हतं, तरी त्याने मराठी कागद तिच्यापुढे धरला.

दानम्माने पदराला हात पुसले आणि कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"सासूबाई सांगायच्या, त्यात पाण्याचं लिवलंय म्हनून. ते कुठं हाय?"

सिद्रामप्पा मशीनवर जाऊन बसला. सुईखाली कापड नव्हतं, तरी तो पाय मारत राहिला. त्याला बायकोचा भयंकर राग आला.

"तुला ठाऊक होतं, तर रांजण आत घेतले तवा बोलली का न्हाईस?"

"बोलले की," दानम्मा सूप उचलत म्हणाली. "तुमी म्हनलात, गप बस."

मशीन थांबली. सिद्रामप्पा उठला, मराठी कागद तिच्या हातून घेऊन त्याने चुलीत टाकला आणि मशीन धरून आत ओढायला लागला. ती उंबऱ्याला अडली. दानम्माने सूप खाली ठेवलं आणि दुसऱ्या बाजूने हात लावला.