मूठभर कमी

मी एक जुना मातीचा गोळा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरसुद्धा नाही. तुम्ही हे वाचताय ते माझी गोष्ट कळावी म्हणून, की परीक्षेत जशीच्या तशी उतरवता यावी म्हणून? असो. सांगतो.

हा स्वभाव काही मला जन्मापासून नव्हता. नदीकाठच्या उतारावर मी मजेत लोळत पडलो होतो. एक दिवस फावडं आलं, मग पोतं आलं, मग चाळणी आली. मला विकणारा माणूस छातीठोकपणे म्हणाला, "काय माती आहे! हिच्या फुलदाण्या बघत राहाल." झालं! मी लगेच खिडकीत बसण्याची स्वप्नं बघायला लागलो. प्रत्यक्षात मी पोचलो एका शाळेच्या बंद पडलेल्या रसायन प्रयोगशाळेत, झाकणाच्या निळ्या बादलीत, ओल्या गोणपाटाखाली. फुलदाणी सोडाच, साधी पणतीसुद्धा झालो नाही. तेव्हापासून कुणी गोड बोललं की माझे कान टवकारतात. म्हणजे, असते तर टवकारले असते. कानांची गोष्ट पुढे येणारच आहे.

बुधवारी शेवटच्या तासाला माझं झाकण उघडायचं. मातीकाम घेणाऱ्या बाई यायच्या आणि त्यांच्यामागून सहा-सात मुलं. ज्यांना झोप लागत नाही, ज्यांना वर्गात रडू येतं, जी उगाच मारामाऱ्या करतात, अशी मुलं वर्गशिक्षक निवडून पाठवायचे. बाकीची शाळा या तासाला 'ढिल्या स्क्रूंचा तास' म्हणायची. त्यामुळे येणारा प्रत्येक जण चोरी पकडली गेल्यासारखं तोंड करून यायचा.

पहिल्याच दिवशी एका जाड्या मुलाने बाईंची उलटतपासणी घेतली.

"बाई, याचे मार्क असतात?"

"नाही."

"मग वहीत काय लिहिणार तुम्ही?"

"वही आणलीच नाहीये मी."

"म्हणजे आम्ही काय बनवलं ते आमच्या घरी फोनवर सांगणार!"

बाई हसल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे एक नियम केला. तास संपला की जे काही बनलं असेल ते बनवणाऱ्यानेच मोडायचं आणि बादलीत टाकायचं. फोटो नाही, प्रदर्शन नाही, "हे काय बनवलंस ग?" अशी चौकशी नाही. "मातीला काय सांगायचं ते सांगा," बाई म्हणाल्या, "माती कुणाला सांगत नाही."

मला न विचारताच माझ्या वतीने हमी दिली, बघा! पण ती मी पाळली. मारामाऱ्या करणारा मुलगा मला दर बुधवारी टेबलावर दाणदाण आपटायचा आणि अर्ध्या तासाने त्याच्या मुठी आपोआप सैल व्हायच्या. नखं खाणाऱ्या मुलीची नखं वाढली, कारण मातीची बोटं तोंडात कोण घालणार? मी नुसता मळला जात होतो. पण मला मळता मळता त्यांच्या आतलं काहीतरी मऊ होत होतं. ही कसली तरी फसवणूक आहे असा मला दाट संशय होता, पण पुरावा सापडत नव्हता.

मग आली कुलूप.

तिचं नाव वेगळं होतं, पण नववीच्या वर्गाने तिला हेच ठेवलं होतं, कारण सहा महिने ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर. ती नळाजवळच्या टेबलावर बसली, नळ बारीक सोडला आणि त्या आवाजाच्या आडोशाने, ओठ जेमतेम हलवत, माझ्याशी बोलायला लागली. मी दचकलोच!

तिची मोठी ताई कॉलेजला जाते असं सांगून एका बेकरीत पाव करायला शिकत होती. हे फक्त कुलूपला माहीत होतं. एकदा रात्री जेवताना तिने ते आईबाबांसमोर बोलून टाकलं. घरात रणकंदन झालं. ताईने बॅग भरली आणि दुसऱ्या गावी निघून गेली. दारात कुलूप तिला म्हणाली होती, "तुझ्या भल्यासाठीच सांगितलं ग." ताई म्हणाली होती, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पुन्हा माझ्याशी बोलू नकोस." कुलूपने ताईशी बोलणं बंद केलं, आणि मग शाळेत एकेक करत सगळ्यांशीच.

दर बुधवारी ती माझ्यातून ताई घडवायची. वितभर उंचीची, पाठीवर जाड वेणी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन्ही हात कणकेत. दर वेळी थोडी जास्त हुबेहूब. तास संपला की त्या ताईला छातीशी धरायची, "सॉरी" म्हणायची आणि मोडून बादलीत टाकायची. मोडताना तिचा श्वास मोकळा व्हायचा. आपण बोललेलं काहीच मागे उरत नाही, कुणाच्या हाती लागत नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती टिकून होती.

आणि एका बुधवारी घात झाला. झाकण लागलं, गोणपाट पडलं, आणि मला जाणवलं, मी मूठभर कमी आहे!

मित्रांनो, स्वतःचं वजन कुणाला कळत नाही? मी सगळ्यांवर संशय घेतला. पहिला संशय शिपाईमामांवर. हे गृहस्थ टेहळणी करत यायचे आणि माझा लचका तोडून शिक्षकांच्या खोलीतल्या गळक्या नळाला लिंपायचे. पण मामांचा लचका असायचा सुपारीएवढा. दुसरा संशय जाड्यावर. तो तर आता माझे लाडू करून टेबलावर रांगेने मांडण्यात रमला होता. बाईंवर मी संशय घेतलाच नाही. मी! ज्याचा कुणावर विश्वास नाही तो!

झालं होतं ते असं. त्या दिवशी कुलूपला न्यायला तिची मावशी लवकर आली. घाईत ती ताईला मोडायची विसरली, आणि बाईंनीही मोडली नाही. इतकी सुंदर मूर्ती! ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेली, वाळवली, आपल्या छोट्या भट्टीत भाजली आणि पालकसभेच्या दिवशी कार्यालयाबाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवली. खाली चिठ्ठी, 'इयत्ता नववी, बुधवारचा वर्ग'. कुलूपची आई कपाटापुढे थबकली. तिने वेणी बघितली, दुमडलेल्या बाह्या बघितल्या, आणि सगळ्यांदेखत तिला हुंदका फुटला.

हे मला कळलं पंधरा दिवसांनी, कारण मधल्या बुधवारी कुलूप आलीच नाही. नळाजवळचं टेबल रिकामं. बाई दहादा दाराकडे बघत होत्या. शाळेत कुजबूज होती की तिने घरीही तोंड मिटलंय, जेवायलासुद्धा उठत नाही.

मग त्याच्या पुढच्या बुधवारी दार उघडलं. कुलूप आत आली, हातात ती भाजलेली ताई. कपाटातून सरळ काढून आणली होती. तिने नळ सोडला नाही. मूर्ती बाईंसमोर ठेवली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"तुम्ही म्हणाला होतात, माती कुणाला सांगत नाही."

जाड्याच्या हातातला लाडू खाली पडला.

बाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या भल्यासाठीच..." आणि थांबल्या. कारण कुलूपचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी पण ताईला हेच म्हटलं होतं," ती म्हणाली.

मी बादलीतून डोळ्यांत तेल घालून बाईंकडे बघत होतो. आता सारवासारव करतील, मला खात्री होती. मोठी माणसं करतातच.

बाई उठल्या. तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मी चुकले," त्या म्हणाल्या. "तुला विचारलं नाही. नियम मीच केला आणि मीच मोडला."

कुलूप 'पण'ची वाट बघत होती. मीही. 'पण' आलाच नाही.

कुलूपने मूर्ती हातात घेतली आणि म्हणाली, "ही आता मोडून बादलीत टाकता येणार नाही. भाजलीत तुम्ही."

"तशीच नाही टाकता येणार," बाई म्हणाल्या, "पण कुटून टाकता येईल. तुला हवं असेल तरच."

प्रयोगशाळेच्या कपाटात जुना लोखंडी खलबत्ता पडून होता. कुलूपने फडक्यात गुंडाळून ताईवर पहिला घाव घातला. मग मारामाऱ्यावाल्याने हात दिला, मग जाड्याने. बारीक भुकटी झाली. ती चाळून, माझ्यावर भुरभुरवून, कुलूपने मला मळलं. अंगाला खरखर लागली. मला वाटलं, संपलो! पण बाई म्हणाल्या, "भाजलेल्या मातीची भुकटी घातली की कच्ची माती तडकत नाही. उलट तग धरते." मी नेहमीप्रमाणे संशयाने ऐकलं. पुढच्या आठवड्यात जाड्याने हौसेने न मोडता ठेवलेला हत्ती वाळला तरी चिरला नाही, तेव्हा मानावंच लागलं.

त्यानंतर कुलूपने ताई घडवली नाही. तिने कान घडवला, एकच, पाळीसकट. आणि त्या कानात ती सराव करायला लागली. "ताई, मी तेव्हा तुझ्या भल्यासाठी..." मोड. "ताई, मी चुकले, पण तू पण..." मोड. तीन बुधवार ती 'पण' काढत होती, मित्रांनो! चौथ्या बुधवारी म्हणाली, "ताई, मी चुकले. तुला विचारलं नाही." आणि थांबली. कान मोडला आणि हात धुऊन घरी गेली.

पुढच्या बुधवारी ती धावतच आली.

"बाई, ताईला फोन केला!"

"काय म्हणाली?"

"आधी भरपूर शिव्या दिल्या."

"आणि मग?"

"मग म्हणाली, जेवलीस का?" कुलूपचे डोळे भरले आणि ती हसलीसुद्धा. "आणि मातीचं सांगितलं तर म्हणाली, मी पण रोज सकाळी तेच करते, फक्त माझी कणीक मेली फुगते!"

त्या दिवशी तिने पुन्हा कान घडवला, सगळ्यांत सुबक. तास संपला तरी मोडला नाही. "बाई, हा भाजाल? ताईला पाठवायचाय." बाईंनी हो म्हटलं. मग ती बादलीवर वाकली आणि हळूच मला म्हणाली, "नेऊ ना रे?"

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं होतं.

तर मित्रांनो, मला वाऱ्यावर टाकू नका. गोणपाट ओलं ठेवा, झाकण घट्ट लावा, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी हाती द्या. वाळलो तर मी नुसता दगड. आणि कुणी मन ओतून काही घडवलं असेल, तर कितीही सुंदर असो, त्याला हात लावण्याआधी विचारा, ठेवायचं की मोडायचं. शिपाईमामा, तुमच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल माफी. सुपारीएवढा लचका नेत जा, पण तुम्हीही विचारून.

संशयाची खोड अजून गेलेली नाही. तो कान दूरच्या त्या बेकरीत नीट पोचला असेल ना, फळीवरून पडला नसेल ना, या विचाराने मी जिवाला घोर लावून बसलोय. आज मी पुन्हा मूठभर कमी आहे. या वेळी मात्र मला विचारून.